डोंगर खाल्लेला ड्रायव्हर

आबा कुणाला रामराम करत नसत. माणूस समोर आला की विचारायचे, "किती उरलंय?"

काय उरलंय ते सांगायचे नाहीत. तेलवाल्याला विचारलं की तो पिंपाकडे बघायचा. एस.टी.चा ड्रायव्हर टाकीकडे बघायचा. एकदा मामलेदार कचेरीतल्या एका उतारवयाच्या कारकुनाला त्यांनी तसंच विचारलं, तर तो बिचारा दिवसभर कुणाशी बोलला नाही, म्हणे. भोरातली माणसं त्यांना हसत. मीही हसायचो. फक्त त्यांच्याच खोलीत राहत असल्यामुळे मला ते तोंड फिरवून करावं लागे.

त्यांच्याविषयी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती मी पाच वर्षांत एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेली नाही. पण आबा गेले, आणि आता लोक त्यांच्याविषयी जे बोलतात ते खरं नाही. ते खोटं पसरायला मीच मदत केली, म्हणून हे लिहितो आहे.

आमची वाडी मार्गासनीच्या वर, डोंगराच्या कडेला आहे. घरात शेळ्या आणि चार गुरं. वडील ती घेऊन दिवसभर रानात. माझ्याआधी आमच्यात कुणी शाळेच्या पुढे गेलं नव्हतं. भोरच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायला जागा हवी होती, आणि डेपोच्या मागच्या आळीत आबांच्या पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत ते एकटे राहत. बायको वारलेली, मुलगी लांब दिलेली. दुसरी मला दिली. माझं नाव त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं आणि नंतर कधीच वापरलं नाही. मला ते 'कॉलेज' म्हणत.

"काय कॉलेज, किती उरलंय?"

मी कंदील उचलून हलवून दाखवायचो. त्यांचं तेवढ्यानं भागायचं नाही. त्यांच्याकडे बांबूची एक कामटी होती, तिच्यावर चाकूनं खाचा केलेल्या. ती ते कंदिलाच्या टाकीत बुडवायचे, उजेडात धरायचे आणि मान हलवायचे. त्यांच्या खोलीत दिवेलागणीनंतर ते वात इतकी बारीक ठेवत की ताटातली भाकरी हातानं शोधावी लागे. चूल पेटवताना तीन काटक्या. चौथी कधी नाही. भात शिजायच्या आधीच लाकूड बाहेर ओढून विझवायचे आणि झाकण ठेवून तो निखाऱ्यांवर शिजू द्यायचे. भात कच्चा राहिला तर कच्चा खायचे.

आणि ते मोटारीत बसत नसत. आयुष्यभर मोटार चालवलेला माणूस भोरहून कापूरहोळला पायी जायचा. तिथं हमरस्त्याच्या कडेला एका मोरीवर बसून जाणाऱ्या ट्रककडे बघत राहायचा. समोरच्या गॅरेजमधली पोरं त्यांची फार चेष्टा करत. आबा दिसले की एकजण ओरडायचा, "बंद करा रे गाड्या, आबा आले." पण एखादं इंजिन समजेनासं झालं की तीच पोरं त्यांना हाताला धरून न्यायची. आबा बॉनेटला हात लावत नसत. चार पावलं लांब उभे राहून डोळे मिटून ऐकायचे आणि सांगायचे, तिसऱ्या नंबरचा व्हॉल्व बसत नाही. उघडून बघितलं तर तिसऱ्याच नंबरचा असायचा. मग पोरं चहा मागवत. आबा चहा घेत, पण तोंडावर आनंद नसे. ते त्या दुरुस्त झालेल्या ट्रककडे असं बघत, जणू आपल्या हातून पुन्हा काहीतरी वाईट झालंय.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर त्या मोरीवर बसलो होतो. कशामुळे कोण जाणे, त्या दिवशी ते बोलले.

ते संस्थानच्या काळात भोर-पुणे मोटार चालवत. मोठ्या लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागं लोखंडी भट्ट्या बसवल्या. भट्टीत कोळसा धुमसायचा, त्यातून निघालेला वायू नळीनं इंजिनात जायचा आणि त्यावर मोटार पळायची. पळायची म्हणजे सपाटीवर. चढ आला की उतारूंनी खाली उतरून ढकलायचं. बाकीच्या ड्रायव्हरांच्या गाड्या वाटेत बंद पडत, आबांची पडत नसे. त्यांना त्या भट्टीचं मन कळायचं, असं त्यांचे सोबती म्हणत. मालकानं त्यांना बाकीच्यांना शिकवायला लावलं.

"पुन्याला जाताना डाव्या हाताला एक डोंगर दिसायचा," आबा म्हणाले. "काळा, दाट. म्या रोज बघायचो, कारन तितंच भट्टीत कोळसा घालायची येळ व्हायची. पयल्या वर्सी त्याच्या पायाची झाडं गेली. दुसऱ्या वर्सी पोटाची. तिसऱ्या वर्सी काचंतनं बघितलं, तर नुसतं दगड. लोकं इचारतात कोनी तोडला. म्या खाल्ला त्यो डोंगर. आन खाताना मला बरं वाटत व्हतं, गाडी बंद पडत न्हाई म्हनून."

मी म्हणालो, पण लढाई संपली, पेट्रोल परत आलं, मग बाकीचे डोंगर तरी वाचले.

"व्हय. तेलानंच वाचवलं." समोरून एकामागून एक तीन ट्रक गेले. ते लांब जाईपर्यंत आबा थांबले. "आमी चार गाड्या व्हतो, कॉलेज. चार. ही समदी एक दिवस उपाशी झाली, तर काय खातील?"

त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. ते मोरीची कड घट्ट धरून बसले होते, जणू तीच चालायला लागेल.

मी त्यातलं अर्धंच डोक्यात घेतलं. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो आणि सगळ्या प्रश्नांना उत्तर असतं, ते फक्त पुस्तकात शोधायचं, असं मला वाटत होतं.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तेलाची टंचाई आली. अरब देशांनी तेल अडवलंय, एवढं पेपरात यायचं. भोरात रॉकेलच्या दुकानापुढे डब्यांची रांग लागायची, माणसं डबा ठेवून घरी जायची आणि परत यायची तरी रांग तिथंच. एस.टी.च्या फेऱ्या कमी झाल्या. वेल्ह्याकडच्या वाड्यांना विजेचे खांब आलेच नव्हते, तिथं अंधार पडला की लोक झोपून जाऊ लागले. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. आबांना हसणारी माणसं आळीतून जाताना त्यांच्याकडे चोरून बघू लागली. त्यांनी 'किती उरलंय' विचारलं की कुणी हसेना. आमच्या शेजारीण बाई तर एकदा मला हळूच म्हणाल्या, म्हाताऱ्याला म्हणावं इचारू नको, भ्या वाटतं.

आमच्या अर्थशास्त्राच्या सरांनी त्या सुमारास वर्गात फळ्यावर एक चढत जाणारी रेघ काढली आणि म्हणाले, जमिनीच्या पोटातलं मोजकं आहे, आणि आपली मागणी या रेघेसारखी चढतेय. ही रेघ फळ्याच्या बाहेर जाऊ शकत नाही, कारण फळा संपतो. वर्ग हसला. मला हसू आलं नाही. पण मला उत्तर माहीत होतं. कॉलेजच्या वक्तृत्वाच्या कार्यक्रमात मी नाव दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभर माणसांसमोर उभा राहिलो. मी सांगितलं, तेल संपलं तरी घाबरू नका. आपल्या भोरातच एक माणूस आहे, ज्यानं लाकडाच्या कोळशावर मोटार चालवली आहे. ही विद्या आपल्याच डोंगरात आहे.

खूप टाळ्या पडल्या. मला बक्षीस म्हणून फौंटनपेन मिळालं. मी ते आबांना दाखवलं, भाषण कशावर होतं ते मात्र सांगितलं नाही. त्यामागं भीती होती की लाज, हे अजून सांगता येत नाही.

आठवडाभरात मार्गासनीचे तात्या आबांच्या दारात उभे राहिले. तात्यांचं नदीवर पाणी उपसायचं इंजिन होतं, रॉकेलवर चालणारं. त्या एका इंजिनाच्या पाण्यावर दहा-बारा घरांचा गहू उभा होता, आणि त्यांत माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, घर होतं. तात्यांचा पुतण्या आमच्या कॉलेजात. त्यानं भाषण ऐकलं होतं. तात्या फार नम्रपणे बोलले. आबांना त्यांनी 'आबासाहेब' म्हटलं. गहू पोटरीत आलाय, अजून तीन पाळ्या पाणी मिळालं तर दाणा भरेल, नाहीतर गेला. रॉकेल येत नाही. तुमच्या विद्येची आज आम्हाला गरज आहे.

आबांनी तात्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या माणसानं अंधारात पाय टाकावा आणि खाली पायरी नसावी, तसं त्यांचं तोंड झालं. मग ते तात्यांना म्हणाले, आता ते काही मला आठवत नाही, आणि आत जाऊन कडी लावली.

मी रविवारी गावी गेलो. अक्का बांधावर बसली होती. गव्हाचं पान कडेनं पिवळं पडायला लागलं होतं. तिनं एक ताट मोडून, सोलून माझ्या हातावर ठेवलं. आत ओंबी होती, मऊ, फिकट, अजून बाहेर न आलेली. दोन वर्षं दुष्काळात त्यांनी सडकेवर खडी फोडली होती. हा गहू म्हणजे त्यानंतरचा पहिला.

"तुजं ऐकंल म्हातारं," ती म्हणाली. "तू सांग. माज्यासाटी सांग."

मी सांगितलं. भोरला परत येऊन मी आबांच्या उंबऱ्यावर बसलो आणि ती ओंबी त्यांना दाखवली. ते बराच वेळ ती तळहातावर फिरवत होते. मग एवढंच म्हणाले, "बरं."

आबांना मोटारीत बसायचं नाही म्हणून आम्ही पहाटे पायी निघालो आणि दिवस मावळताना मार्गासनीला पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तात्यांच्या खळ्यावर सगळ्यांना बोलावलं. टोपलीभर राख मागवली. त्या राखेनं खळ्यावर एक लांबलचक चौकोन आखला, मधे जाऊन उभे राहिले आणि काठी डोक्याच्या वर धरली. म्हणाले, हे एवढं लांब, एवढं रुंद आणि या काठीएवढं उंच लाकूड, एवढं एका इंजिनाला. गव्हाच्या तीन पाळ्यांना. नदीवर इंजिनं किती? कुणीतरी म्हणालं, वरपासून खालपर्यंत दहा. आबा म्हणाले, मग दहा खळी भरतील एवढं लाकूड आधी डोळ्यापुढं आणा, आणि मग मला सांगा भट्टी बांधू का.

त्यांना वाटलं होतं, लोक घाबरतील. मलाही तसंच वाटलं होतं.

लोकांनी राखेच्या चौकोनाकडे पाहिलं, मग वर आमच्या वाडीच्या डोंगराकडे. तो डोंगर मालकीचा, तात्यांच्या भावकीचा. तीस वर्षं कुणी हात न लावल्यानं दाट वाढलेला. त्याच्या पोटातून आमच्या वाडीचा झरा येतो. वडिलांच्या शेळ्या त्याच्यावर.

"एवडंच?" तात्या म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी मोकळा झाला. "आबा, असली पन्नास खळी निगतील की त्यातनं. आमी उगं भेलो व्हतो."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. एकजण म्हणाला, पुढच्या साली वरच्या अंगानं तोडू. दुसरा म्हणाला, कोळसा उरला तर कापूरहोळचा ट्रकवाला उचलायला तयार आहे, त्यानं विचारूनही ठेवलंय. माझे वडील गर्दीच्या मागं काठीवर हात ठेवून उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही. आबा अजून राखेच्या चौकोनात काठी वर धरून उभे होते. माणसांना आता त्यांची गरज उरली नव्हती, तरी त्यांचा हात खाली येईना.

भट्टी बांधायला चार दिवस लागले. मी कॉलेज बुडवून त्यांच्या हाताखाली होतो. कापूरहोळच्या गॅरेजमधून पिंपं, नळ्या आणि एक जुना रेडिएटर बैलगाडीनं आणला. आणि मला खरं सांगायला हवं, त्या चार दिवसांत मी आबांना सुखी पाहिलं, असे ते आधी किंवा नंतर कधी दिसले नाहीत. पत्रा कापताना ते गुणगुणत. वायू कुठं गार करायचा, राख कुठं अडवायची, हवा किती सोडायची, हे सगळं ते मला हातानं दाखवत, आणि मला कळलं की पाठीवर थाप मारत. एकदा काम करता करता थांबले आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "बग कसं आठवतंय यांना. यांना काय कळतंय."

या कामात सगळ्यात नाजूक म्हणजे जोड. नळ्यांच्या एकाही जोडातून बाहेरची हवा आत शिरली, तर वायू पातळ होतो आणि इंजिन खोकून मरतं. ते तपासायची आबांची एक रीत होती. हातानं फिरवायच्या लोखंडी पंख्यानं वायू ओढायला लावायचं आणि पेटलेली उदबत्ती एकेका जोडापाशी धरायची. धूर सरळ वर गेला तर जोड घट्ट. धूर आत वळला तर तिथं फट. गावातल्या लोकांना वाटलं, आबा भट्टीची पूजा करताहेत. दोघी-तिघी बायकांनी लांबून हातही जोडले.

चौथ्या दिवशी दुपारी सगळं तयार झालं. आबांनी उदबत्ती फिरवली, मी पंखा फिरवला. सगळ्या जोडांवर धूर दोऱ्यासारखा सरळ. त्याच वेळी डोंगरावरून कुऱ्हाडींचा आवाज यायला लागला होता. कोळसा पाडायला माणसं लावली होती. आबा उदबत्ती हातात धरून ऐकत राहिले. त्यांनी डोळे मिटले होते, गॅरेजसमोर मिटत तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर सगळं गाव जमलं. भोरहून आणलेल्या पोतंभर कोळशावर भट्टी पेटवली. अक्का खाली शेतात खोरं घेऊन पाटाच्या तोंडाशी दारं धरायला उभी होती. मी पंखा फिरवायला बसलो. तात्यांनी नारळ फोडला. आबांनी उदबत्ती पेटवली आणि पहिल्या जोडापासून सुरुवात केली. सरळ. दुसरा, सरळ. रेडिएटरच्या पुढचा जोड आला, आणि मी पाहिलं, धूर वर गेला नाही. तो वाकला आणि नळीखाली बारीक सुतासारखा आत ओढला गेला.

काल तो जोड घट्ट होता. मी स्वतः पाहिला होता.

आबांनी मान वर केली. आमच्या भोवती पन्नास माणसं होती, पण त्या जोडाच्या बाजूला फक्त मी होतो.

"कॉलेज," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "धूर सरळ हाय का?"

मी खाली शेतात पाहिलं. अक्काचं खोरं उन्हात चमकत होतं. मग मला वर बघायचं धैर्य झालं नाही, पण कुऱ्हाडी ऐकू येत होत्या. पंखा फिरवणारा माझा हात थांबला नाही, याचंच मला आश्चर्य वाटतं.

"सरळ हाय," मी म्हणालो.

इंजिन सुरू झालं. दहा-बारा ठोके नीट पडले, पाइपातून गढूळ पाण्याची एक गुळणी आली, माणसं पुढं सरकली. मग ते खोकलं आणि थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा खोकलं. दुपारपर्यंत आबांनी पाच वेळा सगळं केलं, घाम पुसत, नळ्या ठोकत, खोटं खोटं ऐकत. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, हात गेला माझा. इसरलो मी.

कुणीतरी म्हणालं, पूजा चुकली म्हाताऱ्याची. कुणी म्हणालं, लढाईत चालवली म्हणून सांगायचा, चालवली कुणी बघितली? तात्या काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त टोपी काढली आणि पुन्हा घातली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोळसा पाडणाऱ्यांना परत पाठवलं, कारण कोळशाचं करायचं काय, आणि ट्रकवाला थोड्यासाठी येईना. डोंगराचा एक कोपरा उघडा पडला, तेवढाच.

आम्ही पायीच परत निघालो. गाव मागं पडेपर्यंत आबा भराभर चालले. मग रस्त्याच्या कडेला बसले. मी पाण्याचा तांब्या त्यांच्या ओठाला धरला. मी विचारलं, आबा, अक्काच्या गव्हाचं काय? त्यांनी तांब्या बाजूला सारला. मग म्हणाले, "माज्याकडं आता कोन येनार न्हाई. ते बरं झालं. पर तुला येतंय. चार दिवसांत समदं शिकवून बसलो मी, मूर्ख. आजपासनं मला तुजी भीती वाटंल."

ते खरंच झालं. त्यानंतर त्यांनी माझ्या खोलीत कामटी घेऊन येणं सोडलं. समोर आलो की वाट देत. दोन वर्षांनी ते वारले, तेव्हा मी परीक्षेसाठी पुण्याला होतो. भोरात आणि मार्गासनीत आजही लोक सांगतात, तो बढाईखोर म्हातारा, ज्याला काही येत नव्हतं. माझ्यासमोर सांगतात आणि मी ऐकून घेतो.

अक्काच्या गव्हाला दाणा भरला नाही. पोचट ओंब्या कापून तिनं गुरांना घातल्या आणि उन्हाळ्यात नवरा-बायको पुन्हा सडकेवर खडी फोडायला गेले. आणखी थोड्या आठवड्यांनी रॉकेल मिळायला लागलं. इंजिन चालू झालं. नदीवर आता दहाची अठरा इंजिनं आहेत.

यंदा पुन्हा टंचाई आली. मी पुण्याला एम.ए. करतो, तिथंही रॉकेलच्या रांगेत उभं राहतो. गावात विजेचे खांब आले, पण नदीकाठच्या शेतांपर्यंत आले नाहीत. दिवाळीला घरी गेलो तर तात्यांनी मला गाठलं. ते आता म्हातारे झालेत. म्हणाले, तू होतास की त्याच्या शेजारी चार दिवस, तू शिकलेला, तुला काही उमगलं असंल. मी नाही म्हणालो. मला ते सोपं गेलं. त्याचीच मला भीती वाटली.

संध्याकाळी अक्का वाडीवर आली. मी झऱ्यावर होतो. तिनं घागर भरली, पण उचलली नाही. तिच्या हाताला खडीचे घट्टे अजून आहेत.

"तात्याला न्हाई म्हनालास," ती म्हणाली. "मला खरं सांग. येतंय का तुला?"

मी तिला सगळं सांगितलं. धुराचं सांगितलं, मी काय म्हणालो ते सांगितलं. सांगताना मी झऱ्याच्या पाण्याकडे बघत होतो. ती रडेल किंवा मला मारेल, असं मला वाटत होतं, आणि तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती वर झाडांकडे बघत उभी राहिली. अंधार पडत आला होता आणि शेळ्या खाली उतरत होत्या.

"दुसऱ्या कुनाला सांगू नगंस," ती म्हणाली. मग घागर डोक्यावर घेऊन दोन पावलं गेली आणि थांबली. मागं न वळता बोलली. "पर येक ध्येनात ठेव. माजी पोरं उपाशी निजायची येळ आली, तर मी मागीन. तवा मला न्हाई म्हनू नगंस."

मी हो म्हणालो.

ती उतरून गेली. मी तिथंच उभा राहिलो. आबांकडे जाऊन हे सांगावं, असं फार वाटलं. मग वाटलं, हे ऐकायला ते नाहीत हेच बरं आहे.